जमीन करणाऱ्याचे नाव

२०२१ च्या सप्टेंबरअखेर गुलाब चक्रीवादळाच्या पावसानं मराठवाडा झोडपून काढला आणि मांजरा धरणाचे अठराच्या अठरा दरवाजे उघडावे लागले. पाणी ओसरल्यावर आम्ही नदीकाठच्या एका गावात पंचनाम्याला गेलो. मी तेव्हा मंडळ अधिकारी होतो. सोबत त्या सज्जाच्या तलाठी मॅडम, नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षं झालेल्या; शिवाय ग्रामसेवक, कृषी सहायक आणि पुढे बांध दाखवत चालणारा कोतवाल. गाळात चपला रुतत होत्या म्हणून सगळ्यांनी त्या हातात घेतल्या होत्या.

कापणीला आलेलं सोयाबीन आडवं पडलं होतं. कुजक्या पाल्याचा आंबूस वास शिवारभर सुटलेला. बांधावर एक बाई उभ्या होत्या, पन्नाशीच्या, ओचा खोचलेला. त्यांनी एक झाड उपटलं आणि आमच्यापुढे धरलं. दाण्याला शेंगेतच कोंब फुटून पांढरी टोकं बाहेर आली होती. त्यांनी एक शेंग चिमटीत दाबली, तर आतून नुसतं पाणी आलं. "हे बघा," एवढंच म्हणाल्या. त्याच वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला १० हजारांच्या घरात गेलं होतं, आणि पीक घरात येण्याच्या आतच भाव निम्म्यावर आला होता. उरलेली आशा आता मांजरेच्या पाण्यात गेली होती.

मॅडमनी तक्ता पुढे घेतला. खातेदाराचं नाव, गट नंबर, एकूण क्षेत्र, बाधित क्षेत्र, पीक, नुकसानीची टक्केवारी, आधार, बँकेचं खातं, सही. "मावशी, गट कुणाच्या नावावर आहे?"

बाईंनी मालकांचं नाव सांगितलं. "पुण्याला असतेत ते. आमी बटईनं करतो. तिसरं साल हाय हे."

मॅडमचा पेन थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं आणि विचारलं, "मंग साहेब, पंचनामा कोणाचा करणार?"

मी म्हणालो, "खातेदाराचाच करावा लागतो, मावशी."

त्या काही बोलल्या नाहीत. पाणी कुठून शिरलं, कुठवर चढलं, कोणत्या बाजूचं अजून उभं आहे, हे सगळं त्यांनीच आम्हाला फिरून दाखवलं. बाधित क्षेत्र १ हेक्टर २० आर, नुकसान ३३ टक्क्यांच्या वर. तक्त्यातली प्रत्येक खरी गोष्ट त्यांच्या तोंडून आली होती आणि त्यांचं नाव त्या कागदावर कुठेही नव्हतं. पंचांच्या सह्या झाल्या. आम्ही पुढच्या गटात गेलो, कारण त्या दिवशी अजून चाळीसेक पंचनामे उरकायचे होते.

चौतीस वर्षं मी महसूल खात्यात काढली. त्या नोकरीतले बरेच प्रसंग आता पुसट झालेत. त्या बाईंचा प्रश्न मात्र झालेला नाही. तो मला पहिल्यांदा विचारला गेला असंही नव्हतं.

मी १९८९ साली तलाठी म्हणून लागलो. पहिल्या सज्जाचं दप्तर ताब्यात घेतलं तेव्हा लाल कापडाच्या बस्त्यातले जुने उतारे मी कितीतरी संध्याकाळी उलटून पाहिले. सातचा उतारा जमीन कुणाची ते सांगतो आणि बाराचा उतारा त्या जमिनीत काय पिकलं ते. पण जुन्या बाऱ्याच्या पानावर आणखी एक रकाना असायचा: 'जमीन करणाऱ्याचे नाव'. त्याखाली वर्षानुवर्षं एकच शब्द लिहिलेला. खुद्द. त्याच्याखाली पुन्हा खुद्द. मालक हैदराबादला वकिली करत असला तरी खुद्द, विधवा बाई तीस वर्षं माहेरी राहत असली तरी खुद्द. मला काम शिकवणारे जुने तलाठी म्हणाले होते, "मागं जे आहे तेच पुढं ओढायचं. नवीन नाव लिहिलंस की गावात भांडण लागलंच समज." ते वाईट गृहस्थ नव्हते. गाव सांभाळत नोकरी कशी करायची, ते मला शिकवत होते, आणि मी ते शिकलो.

पुढे तो रकाना गेला. खातेदाराशिवाय दुसरंच कुणी जमीन कसताना आढळलं, तर तलाठ्यानं गाव नमुना १४ भरून तहसीलदारांकडे पाठवायचा, तहसीलदारांनी चौकशी करून निर्णय द्यायचा आणि मग ती नोंद नमुना ७-ब ला घ्यायची, अशी रीत आहे. पुस्तकात ती आजही आहे. प्रत्यक्षात नमुना १४ चं कोरं बाड बहुतेक दप्तरांत कोरंच राहिलेलं मी पाहिलं आहे.

याचं कारण समजून घ्यायचं तर मालकाच्या मनातली भीती समजून घ्यायला हवी. आमच्या मराठवाड्यात हैदराबाद कूळवहिवाट आणि शेतजमीन कायदा १९५० सालचा. पश्चिम महाराष्ट्रात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन धरला गेला आणि त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्यानं मालक मानलं गेलं. हे कायदे झाले नसते तर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्यांना जमिनीचा तुकडाही मिळाला नसता, हे मी ठामपणे म्हणतो. पण त्यांची एक सावली मागे राहिली. कागदावर दुसऱ्याचं नाव चढलं की जमीन गेली, ही धास्ती प्रत्येक खातेदाराच्या घरात मुरली, मग तो शंभर एकरांचा देशमुख असो की तीन एकरांची म्हातारी. कूळ हा शब्द आजही चावडीत हळू आवाजात उच्चारतात. त्यामुळे जमीन दुसऱ्याला करायला देण्याचं काही थांबलं नाही. फक्त ते कागदावरून उतरून तोंडी झालं.

गुढीपाडव्याला आमच्याकडे साल बदलतं. सालगडी तेव्हाच ठरतो आणि बटईही तेव्हाच ठरते. मालकाच्या ओसरीवर चहा होतो, बी-खताचा खर्च निम्मा-निम्मा, मेहनत बटईदाराची, माल निम्मा-निम्मा, असं बोलणं होतं. कुठे तिसरा हिस्सा, कुठे ठोक्यानं, म्हणजे एकरी रोख रक्कम आधीच मोजून. हातात काही नसलं तर मालक थोडी उचल देतो. साक्षीला शेजारी. कागद नाही. मालकाला मनातून खटकलं की पुढच्या पाडव्याला बटईदार दुसरा. कुणालाही एका शेतात सलग फार वर्षं ठेवायचं नाही, हेही मालक लोक एकमेकांना सांगत असतात.

१९९७ साली माझ्याकडून जे घडलं ते इथं लिहायलाच हवं. दुसऱ्या एका सज्जात होतो. एक जण सहा वर्षं सलग एकच शेत बटईनं करत होते. मी त्यांना मामा म्हणायचो, त्यांच्या विहिरीवर पाणी प्यायला थांबायचो. त्यांनी एकदा सहज विचारलं, "साहेब, सोसायटीचं कर्ज मला का मिळत नाही? शेत तर मीच करतो." मी तरुण होतो, नियमाचं पुस्तक पाठ होतं. पीक पाहणीला गेलो तेव्हा रीतसर नमुना १४ भरला आणि तहसीलला पाठवला. मला वाटलं, निदान एका माणसाची तरी खरी नोंद मी करतोय. चौकशीची नोटीस मालकाला गेली. चौथ्या दिवशी मालक माझ्या घरी आले, ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "तुम्ही चांगले आहात, पण तुम्ही त्याचं वाटोळं केलंत." चौकशीच्या तारखेला मामांनी स्वतःच तहसीलदारांपुढे सांगितलं की मी शेत करत नाही, मी तिथं मजूर आहे. तसा जबाब झाला, प्रकरण निकाली निघालं. पुढच्या पाडव्याला ते शेत त्यांच्याकडे राहिलं नाही, आणि त्या गावातल्या दुसऱ्या कुणीही त्यांना बटईला जमीन दिली नाही. ते कुटुंब त्या वर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलं. आधी कधी गेलं नव्हतं.

त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत मी नमुना १४ पुन्हा भरला नाही. हे मी अभिमानानं सांगत नाही. एका बाजूला खोटी नोंद, दुसऱ्या बाजूला खऱ्या नोंदीनं उद्ध्वस्त होणारं घर, अशी ती निवड होती आणि मी दरवेळी 'खुद्द' निवडलं.

पूर्वी या खोट्या नोंदीची किंमत मर्यादित होती. सातबारा लागायचा तो सोसायटीच्या कर्जाला, खरेदी-विक्रीला आणि कोर्टात. पण माझ्या नोकरीच्या शेवटच्या पंधरा-वीस वर्षांत सरकार शेतकऱ्याच्या फार जवळ आलं. ते चांगल्या हेतूनं आलं आणि प्रत्येक वेळी सातबाऱ्याच्या दारातूनच आलं. कर्जमाफ्या झाल्या: २०१७ साली दीड लाखापर्यंत, २०१९ च्या अखेरीस दोन लाखांपर्यंत. बटईदाराचं कर्ज बँकेत नसतंच. ते असतं कृषी सेवा केंद्राच्या उधारीच्या वहीत आणि बायकोच्या नावावरच्या मायक्रोफायनान्सच्या हप्त्यात. ते कुणी माफ केलं नाही. २०१९ मध्ये पीएम किसान आलं, वर्षाला ६ हजार, तीन हप्त्यांत, ज्याच्या नावे जमीन त्याला. २०२३ पासून राज्याचे नमो शेतकरी योजनेचे आणखी ६ हजार, तेही त्यालाच. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर सोयाबीन घालायचं तर पीकपेऱ्याची नोंद असलेला सातबारा लागतो, आणि पैसे जमा होतात सातबारा ज्याचा त्याच्या खात्यात. म्हणून बटईदार आपला हिस्सा बहुधा आडत्याकडेच घालतो. २०२४ च्या खरिपात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच खाली होता. तो फरक कुणाच्या पदरातून गेला, ते वेगळं सांगायला नको. पीकविमा बटईदाराला मिळू शकतो, पण त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो. जो मालक चिठ्ठीवर सही करत नाही, तो दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन करार नोंदवेल, असं ज्या कुणी गृहीत धरलं, त्यांनी पाडव्याच्या दिवशी एकदा आमच्याकडच्या ओसरीवर येऊन बसावं.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहिताना हात जड होतो. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला १ लाख रुपये मदत देण्याची तरतूद २००६ च्या जानेवारीपासून आहे. घरातल्या कुणाच्या तरी नावावर शेतजमीन असावी, ही त्यातली एक अट. गावात असं काही घडलं की पहिला माणूस तलाठी पोचतो. मी अशा अनेक दारांत उभा राहिलो आहे. त्यातल्या एका दारात, ज्या माणसानं आयुष्यभर शेती सोडून दुसरं काही केलं नव्हतं, त्याच्या नावापुढे मला 'भूमिहीन' असं लिहावं लागलं. खरीच गोष्ट होती ती. प्रकरण अपात्र ठरलं. त्याच्या बायकोनं मला विचारलं की शेतकरी नव्हते तर मग कोण होते ते. मला उत्तर देता आलं नाही आणि आजही देता येत नाही.

अभिलेख सुधारण्यासाठी सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. राज्यातले सुमारे अडीच कोटी सातबारे संगणकावर चढवायचं काम आम्ही लोकांनी केलं. दिवसा सर्व्हर चालायचा नाही म्हणून कितीतरी तलाठी रात्री बारानंतर, स्वतःच्या लॅपटॉपवर, लेकरं झोपलेली असताना दुरुस्त्या करत बसले. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. ज्यांनी पूर्वी एका उताऱ्यासाठी माझ्यासारख्याची दिवस-दिवस वाट पाहिली, त्यांनाच याचं मोल कळेल. पण आम्ही संगणकात भरलं ते त्याच बस्त्यातलं होतं. 'खुद्द' जिथं खोटं होतं तिथं ते आता स्वच्छ अक्षरात आणि डिजिटल सहीनिशी मिळू लागलं.

२०१७ च्या उन्हाळ्यात त्या कामाचा भाग म्हणून चावडी वाचन झालं. गाव जमवायचं, एकेक सातबारा मोठ्यानं वाचायचा आणि चूक असेल तर लोकांनी तिथंच सांगायची. मला हा कार्यक्रम मनापासून आवडला होता. एका गावात मारुतीच्या पारावर आम्ही वाचत होतो. नावांच्या, क्षेत्राच्या चुका निघत होत्या, तिथले तलाठी टिपून घेत होते. एका गटाचं वाचन झालं तेव्हा मागून एक म्हातारे म्हणाले, "नाव बराबर हाय. पर ते रान तर अमका करतो." आणि मग जणू बांध फुटला. हे याच्याकडे बटईला, ते त्याच्याकडे ठोक्यानं, ते नदीकाठचं दोघा भावांत. अर्ध्या तासात गावानं कोणतं शेत कोण करतं ते तोंडपाठ सांगितलं आणि एकाही माणसानं दुसऱ्याचं खोडून काढलं नाही. मालकही तिथंच बसले होते. आमच्या हातातल्या दुरुस्तीच्या तक्त्यात ते लिहायला जागा नव्हती. जी माहिती मिळत नाही म्हणून धोरण करणारे हात वर करतात, ती पारावर फुकट मिळत होती.

मग १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवरून पिकाचा फोटो काढायचा, फोटोसोबत ठिकाणाचे अक्षांश-रेखांश जातात आणि नोंद थेट बाऱ्यावर चढते. घरबसल्या पीकपेरा लिहायच्या जुन्या सवयीवर याहून चांगला उपाय मी पाहिला नाही. पण त्याच पहिल्या हंगामात मी शिवारात फिरलो तेव्हा शेतात उभा राहून फोटो काढणारा कोण होता? बहुतेक ठिकाणी बटईदार, नाहीतर त्याचा दहावीतला पोरगा. खातं मालकाचं निवडायचं, ओटीपी पुण्याला जायचा, पोरगा फोनवर विचारायचा, "काका, आकडा सांगा." सरकारच्या यंत्रापर्यंत तो माणूस प्रत्यक्ष पोचला होता, आपल्या पिकासमोर, आपल्या पायांवर, अक्षांश-रेखांशांसह. यंत्रानं फक्त त्याला तू कोण असं विचारलं नाही.

त्या नदीकाठच्या बाईंकडे परत येतो. त्या ऑक्टोबरात सरकारनं अतिवृष्टीची मदत जाहीर केली: जिरायतीला हेक्टरी १० हजार, २ हेक्टरपर्यंत. त्या गटाचे १२ हजार होत होते. यादी बरोबर होती, तपासणीत माझीच सही होती, पैसे दिवाळीच्या सुमारास मालकाच्या खात्यात जमा झाले. नंतर कोतवालाकडून कळलं ते असं. मालकांनी निम्मे बाईंचे धरले. अगदी न्यायानं धरले म्हणायचे, कारण कायद्यानं त्यांच्यावर एक रुपयाही देण्याचं बंधन नव्हतं. पण जूनमध्ये दिलेली उचल आणि निम्म्या बी-खताचे पैसे त्यातून वळते केले. बाईंच्या हातात काहीच आलं नाही. त्या आणि त्यांचे यजमान मुकादमाची उचल घेऊन एक कोयता म्हणून, म्हणजे ऊसतोडीची जोडी म्हणून, साखर कारखान्यावर गेले. धाकटी पोर सोबत नेली, कारण मागं ठेवायला कुणी नव्हतं. मी त्या गावात पुढच्या फेरीला गेलो तेव्हा घराला कुलूप होतं.

इतर राज्यांत यावर काही हालचाल झाली आहे. निती आयोगानं २०१६ साली आदर्श शेतजमीन भाडेपट्टा कायद्याचा मसुदा मांडला. ओडिशानं कालिया योजनेत बटईदारांना आणि भूमिहीनांनाही धरलं. आंध्र प्रदेशानं २०१९ मध्ये पीक करणाऱ्यांच्या हक्काचा कायदा केला, त्यात ११ महिन्यांच्या करारावर पीक करणाऱ्याला कार्ड मिळतं आणि त्यातून जमिनीचा हक्क निर्माण होत नाही, हे स्पष्ट लिहिलं आहे. त्याच काळात शेजारच्या तेलंगणात रयतु बंधूची रक्कम एकरी मोजून मिळत होती ती जमीनमालकालाच. आंध्रातही मालकाची संमती लागते आणि मालक कचरतात. म्हणजे १९९७ साली मला भेटलेली भीती तिथंही आहे.

म्हणून मला वाटतं, नोंद मालकाच्या सहीवर टांगून ठेवण्यात अर्थ नाही. ई-पीक पाहणीत एकच रकाना वाढवावा, 'या हंगामात पीक करणाऱ्याचे नाव', आणि ती नोंद हंगाम संपला की आपोआप संपावी. या नोंदीवरून कूळहक्क सांगता येणार नाही, असं कायद्यातच लिहावं, परिपत्रकात नको. परिपत्रकावर कुणी जमीन सोपवत नाही. खात्री गावानं करावी, पारावर, मोठ्यानं वाचून. आणि आपत्तीची मदत, विमा, हमीभावाची खरेदी या तिन्ही गोष्टी पिकाच्या नोंदीला जोडाव्यात. जमिनीचा मालक मालकच राहील, त्याचं पीएम किसान त्याच्याकडेच राहील. कूळकायद्यासाठी लढलेल्या जुन्या मंडळींना हे तडजोडीचं वाटेल, ठाऊक आहे. पूर्वी मलाही वाटलं असतं. पण हक्काचा दावा सोडून दिल्याशिवाय हंगामाचं नावही मिळणार नसेल, तर त्या बाईंना काय हवं, हे त्यांना विचारल्याशिवाय आपण ठरवू नये. आता शेतकऱ्यांचे ओळख क्रमांक तयार होत आहेत, तेही जमिनीच्या अभिलेखावरूनच. तो पाया पक्का बसला की नंतर त्यात कुणाला सामावून घेणं आजच्यापेक्षा कठीण होईल. घाई आहे ती याची.

२०२३ साली मी निवृत्त झालो. गावाकडे माझ्या नावावर अडीच एकर कोरडवाहू आहे. तेही बटईनं दिलेलं, नोकरीमुळं वीस वर्षं. सातबाऱ्यावर माझं नाव, पीकपेरा माझ्या खात्यावर, ओटीपी माझ्या फोनवर. आतापर्यंत तीन बटईदार बदलले. बदलायचं काहीच कारण नव्हतं. सगळेच बदलतात म्हणून मीही बदलले.

यंदाच्या पाडव्याला मी कागद करायचं ठरवलं. मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, तुम्ही स्वतः महसुलात होतात, तुम्हाला कळायला हवं." त्याच्या बोलण्यात मला १९८९ चे ते जुने तलाठी ऐकू आले. तरी मी लिहिलं. साधा कागद, भाषा साधी: अमुक गटातलं खरीप आणि रब्बीचं पीक हे अमुक करतात, या गटाला नुकसानभरपाई किंवा विम्याची रक्कम आली तर ती उचलीत वळती न करता आठ दिवसांत यांच्या हाती द्यायची. कायद्यापुढे या कागदाची किंमत किती, ते मला नीट ठाऊक आहे.

बटईदार ओसरीवर बसले होते. कागद हातात घेण्याआधी त्यांनी विचारलं, "साहेब, ह्यात कुळाचं तर काही नाही ना? उद्या तुमच्या पोरांनी मला चोर म्हणू नये." मी सगळं वाचून दाखवलं, दोनदा. त्यांची बायको दाराशी उभी होती. ती म्हणाली, "पेरणी दोघं करतो. माहं बी नाव लिवा." मी तिचं नाव विचारलं. चार वर्षं ती माझ्या शेतात राबत होती आणि मला ते माहीत नव्हतं. ओळ भरलेली होती, म्हणून वरच्या बाजूला दोन शब्दांच्या मध्ये खूण करून तिचं नाव लिहिलं आणि शेजारी माझी सही केली. तिनं कागदाची घडी घातली, रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवली आणि चहाचे कप उचलायला वाकली.